एकदम सरस

जीर्णोद्धार हा शब्द देवळाबद्दल वापरला तर माझी काही हरकत नाही. मशीनबद्दल कुणी वापरला की माझं डोकं फिरतं, आणि एकदा फिरलं की ते लवकर ताळ्यावर येत नाही. घरचे हे ओळखून आहेत. मागे जावई सहज बोलून गेले की त्यांच्या मित्राने आजोबांच्या स्कूटरचा जीर्णोद्धार केला, तर मुलीने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. मी म्हटलं, पाय कशाला देतेस, बोलू दे त्यांना. मला एवढंच विचारायचंय की ती स्कूटर रस्त्यावर धावते का. ते म्हणाले, नाही, हॉलमध्ये ठेवली आहे. मी उठून स्वयंपाकघरात गेले, कारण जावयाला बोलायची आमच्यात पद्धत नाही.

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचा छापखाना होता. छापखाना म्हणजे रस्त्याकडेला तोंड असलेली एक लांबट खोली, भिंतीशी खिळ्यांच्या खणाखणांच्या केसेस आणि मधोमध ट्रेडल. ज्यांनी ट्रेडल पाहिलेलं नाही त्यांना सांगते. लोखंडाचे दोन पाट समोरासमोर उभे असतात. एका पाटावर शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवून घट्ट बसवलेले. दुसऱ्या पाटावर कागद ठेवायचा. चाक फिरलं की पाट मिटतात, कागदावर अक्षर उठतं, पाट परत उघडतात. ते उघडे असतात तेवढ्यात उजव्या हाताने कोरा कागद आत ठेवायचा आणि डाव्या हाताने छापलेला बाहेर ओढायचा. तेवढ्यातच रूळ वरखाली फिरून खिळ्यांना शाई लावून जातात. मग पुन्हा पाट मिटतात. तुमचा हात आत आहे की बाहेर हे मशीन बघत नाही.

वडील गेल्यावर हे मशीन आई चालवायला लागली. हे ऐकलं की लोकांना गहिवर येतो, बिचारीने संसार ओढला वगैरे. आई बिचारी नव्हती. वडील होते तेव्हाही अर्धं काम तीच करायची आणि त्यांच्या चुका काढायची. गिऱ्हाइकाने आणलेल्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर ती त्याला समोर उभं करून झापायची, मग तो वकील असो की डॉक्टर. तरी लोक तिच्याकडेच यायचे. त्याचं एक कारण ‘ऱ्या’ होतं. नव्वदीत गावभर कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका व्हायला लागल्या, पण बहुतेक दुकानांत बसणारी मुलं गुजराती, त्यांच्या कॉम्प्युटरला मराठी ‘ऱ्या’ काढता येईना. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ व्हायचं. एका कऱ्हाड्यांच्या घरच्या मुंजीच्या पत्रिकेत ते सगळे ‘कर्हाडे’ झाले होते, आणि ते गृहस्थ रिक्षा करून आईकडे धावत आले होते. आईच्या केसमध्ये त्या अर्ध्या ‘ऱ’चा वेगळा खण होता, आणि तो खण ती कधी रिकामा होऊ द्यायची नाही.

ट्रेडल म्हातारं झालं होतं, हे खरं. एका बाजूचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजला होता, त्यामुळे पाट सरळ मिटत नसे आणि डावीकडचं अक्षर फिकं उठायचं. आई डावीकडे कागदाचे तुकडे चिकटवून, पॅकिंग वाढवून ते भरून काढायची. रूळही गेले होते. आमचे रूळ सरसाचे, म्हणजे हाडांपासून काढतात त्या डिंकाचे. सरस आणि गूळ एकत्र शिजवून साच्यात ओतायचे, त्याचा वास अख्ख्या गल्लीला यायचा. हल्ली रबराचे मिळतात, पण झिजलेल्या खिळ्यांना सरसाचाच रूळ मानवतो, असं आईचं ठाम मत होतं. बोटाने दाबला की तो किंचित दबायला हवा.

त्या वर्षी तिने मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. किती वर्षं टाळत होती. करून घेतलं ते मागच्या गल्लीतल्या एका लग्नासाठी. त्या घरातल्या सगळ्या थोरल्या भावंडांच्या पत्रिका आईने छापल्या होत्या, आता शेंडेफळाचं लग्न ठरलं होतं. ही पत्रिकाही तुमच्याकडेच, असं ते आधीच सांगून गेले होते. तोवर डोळा नीट व्हावा आणि मशीन नीट व्हावं, एवढंच तिला हवं होतं. ऑपरेशननंतर विश्रांतीसाठी ती माझ्याकडे मकरपुऱ्याला आली आणि मशीन दुरुस्त करायचं माझ्या धाकट्या भावाने अंगावर घेतलं.

भावाचं वासणा रोडवर ऑफसेटचं दुकान होतं. काचेचं दार, एसी, कंपन्यांचे कॅटलॉग, चार रंगांची छपाई. त्याने ते स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं, त्याबद्दल मला अजूनही कौतुक आहे. आईने त्याला सांगितलं, “बुश नवा करून घे, रूळ सरसाचे ओतून आण. बाकी कशाला हात लावू नकोस.” तो म्हणाला, आई, तू फक्त बघत राहा. हे वाक्य ऐकलं तेव्हाच मला बरं वाटलं नव्हतं.

थोड्या दिवसांनी आईने त्याला फोन केला. मी शेजारीच भाजी निवडत बसले होते.

“रूळ झाले का रे?”

“झाले ना.”

“सरस?”

“एकदम सरस, आई. बघशील तर खूश होशील.”

आईने समाधानाने फोन ठेवला. मला म्हणाली, “रबराचे करतो म्हणत होता, पण ऐकलं माझं. सरसाचेच केलेत.” मलाही तसंच वाटलं. आमच्या घरात सरस म्हणजे एकच गोष्ट, त्या तपकिरी लाद्या, ज्या शिजवताना नाकाला पदर लावावा लागायचा. पण भाऊ दिवसभर गुजरातीत बोलणारा माणूस. दुकानात गुजराती, बायकोशी अर्धं गुजराती. त्याला सरस म्हटलं की ‘मस्त’ एवढंच ऐकू यायचं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

मशीन आमच्या घराजवळच एका शेडमध्ये आणलं होतं, म्हणून मी एकदा बघायला गेले. सगळं खोललेलं, लोखंड घासून पांढरं केलेलं, आणि त्या पसाऱ्यात दोन माणसं रंगावरून भांडत होती. एक भावाचा डेकोरेटर. त्याला मशीन हिरवं हवं होतं, त्यावर सोनेरी रेघा. दुसरे जुन्या वस्तूंचे अभ्यासक, खांद्याला झोळी, भावाने सल्ल्यासाठी बोलावलेले. त्यांचं म्हणणं, रंग हा गुन्हा आहे. बाजूला साचलेली शाईची पुटं हाच त्या यंत्राचा इतिहास, ती खरवडली म्हणजे इतिहास खरवडला. मला क्षणभर ते गृहस्थ आवडले. चला, एक तरी शहाणा माणूस आहे. तेवढ्यात ते म्हणाले, “आणि फिरवायचं तर मुळीच नाही. एकदा फिरलं की झिजलं.”

“फेरववानी तो वात ज नथी,” डेकोरेटर म्हणाला. फिरवायचा प्रश्नच नव्हता. एवढा वेळ एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे दोघं या एका गोष्टीवर मान हलवत होते. मी विचारलं, बुश बदलला का. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मशीनला ताप आहे का असं विचारलं होतं.

मी तिथून तशीच रिक्षाने वासणा रोडला गेले.

“ताई, बस तर खरी. पाणी पी.”

“पाणी नको. आईने तुला काय सांगितलं होतं?”

“रिपेर कर म्हणून.”

“आणि तू काय चालवलंयस?”

“त्याच्याहून मोठं काम करतोय. रिपेर म्हणजे ठिगळं लावणं. मी ते पहिल्यासारखं करतोय, कारखान्यातून निघालं तेव्हा होतं तसं.” मग त्यानेच मला विचारलं, “आईच्या मशीनमध्ये मूळचं राहिलं होतं काय, सांग ना. पायडल काढून बाबांनी मोटर लावली. पट्टा पिठाच्या गिरणीचा. एक स्प्रिंग सायकलच्या सीटची. कागद अडवायला आईच्या केसांतल्या पिना. नावाची पितळी पट्टी तर काळी पडून वाचता येत नव्हती, ती मी नवी घडवून घेतली. त्याच्यात मूळचं असं आता जेवढं आहे तेवढं बाबांच्या वेळीही नव्हतं.”

त्याचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, “अरे, ज्याच्यावर छापता येतं ते मशीन. आईने केसांतली पिन लावली, पण तिच्यामुळे कागद सरळ बसला. तिने प्रत्येक वर्षी ते मशीन परत मशीन केलं. तू त्याचा फोटो करतोयस.”

“तुला नाही कळणार,” तो म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, “ताई, लोक मला तोंडावर विचारतात. मुलाचं एवढं मोठं ऑफसेट आणि आई अजून दांडिया बाजारात शाईत हात घालून बसते? तिने आता आरामात राहायला नको?”

म्हणजे खरी गोष्ट ही होती. आईच्या हातांची शाई त्याच्या काचेच्या दारावर दिसत होती. मी विचारलं, “मशीन चालणार की नाही, एवढं सांग.”

“थई जशे, ताई. थई जशे.”

बडोद्यात राहणाऱ्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको. होईल, होऊन जाईल, बघू, आता जा, हे सगळं त्यात येतं. मी घरी येऊन आईला जे पाहिलं ते सगळं सांगितलं. म्हटलं, त्यांचा मशीन चालवायचा विचार दिसत नाही, तू स्वतः चल. आईने डोळ्यात थेंब घालून घेतले आणि पडल्या पडल्या म्हणाली, “तू उगाच तापतेस. चालवायचं नसतं तर सरसाचे रूळ कशाला केले असते त्याने? शोभेच्या मशीनला कुणी सरस शिजवत बसतं का?” तिचं गणित बरोबर होतं. फक्त सरस चुकीचा होता.

मग कार्ड आलं. जाड, चकचकीत, भावाच्याच ऑफसेटवर छापलेलं. ‘आमच्या मूळ मशीनचा जीर्णोद्धार व अनावरण समारंभ. येणार्या पिढ्यांसाठी आमची भेट.’ आईने नवा चष्मा लावून ते वाचलं आणि ‘येणार्या’वर बोट ठेवलं. “हे कुणी लावलंय?” एवढंच म्हणाली. मला वाटलं आता भडका उडणार, पण ती खुशीत होती. समारंभाच्या दिवशी ठेवणीतली साडी नेसली आणि पिशवीत मापाने कापलेली गुलाबी कार्डं घेतली. चार लोकांसमोर पहिला कागद तिच्याच हातून छापून घेतील, अशी तिची समजूत होती. दुसरं काय असणार? मशीन सुरू करतात ते असंच.

भावाचं वासणा रोडचं दुकान माणसांनी भरलं होतं. पेढे, खमण, थंड बाटल्या. सॅटिनचा पडदा आईच्या हातून ओढवून घेतला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मशीन सुंदर दिसत होतं. गडद हिरवं, सोनेरी रेघा, वरून पिवळ्या दिव्यांचा झोत. आईही थबकली. मग पुढे झाली आणि तिने तिच्या सवयीने अंगठा रुळावर दाबला.

अंगठा दबला नाही. तिने दुसरा रूळ दाबून पाहिला. स्टीलच्या नळ्या होत्या, वरून चकाकी चढवलेल्या.

“सरस कुठंय रे?” तिने विचारलं.

“काय?” भाऊ म्हणाला. टाळ्यांमुळे त्याला नीट ऐकू गेलं नव्हतं.

“सरस, सरस.”

त्याचा चेहरा पडला. “सरस नाही लागत तुला, आई?” म्हणजे मस्त वाटत नाही का, असं त्याने अगदी लहानपणी विचारायचा तशा आवाजात विचारलं, आणि तेव्हा मला कळलं की गेले कित्येक दिवस हे दोघं एकाच शब्दावर पाय ठेवून दोन वेगळ्या घरांत उभे होते. आईने चाकाला हात घातला, आधी सहज, मग जोर लावून. चाक हललं नाही.

“वेल्डिंग करावी दीधुं छे, बा,” डेकोरेटर कौतुकाने म्हणाला. “कोई छोकरुं हाथ नाखे तो?” कुणाचं पोर हात घालेल म्हणून त्याने चाक पक्कं जोडून टाकलं होतं. खिळे उलटे असतात, लोकांना वाचता येत नाहीत, म्हणून त्याने पाटावर प्लास्टिकची सुलटी अक्षरं बसवून घेतली होती. त्या अक्षरांनी छापलं असतं तर सगळं उलटं उठलं असतं, पण छापायचं कुणाला होतं? अभ्यासक एका कोपऱ्यात नाराज उभे होते. त्यांची नाराजी हिरव्या रंगाबद्दल होती.

“माझे खिळे?” आईने विचारलं.

खिळे बरण्यांत होते. काउंटरवर काचेच्या मोठ्या बरण्या, त्यांत सगळ्या केसेस ओतलेल्या. काना, मात्रा, जोडाक्षरं, मोठा टाइप, बारीक टाइप, सगळी खिचडी. ज्याने कधी खिळे जुळवले आहेत त्यालाच कळेल की हे काय केलं होतं. आणि जाताना प्रत्येक पाहुण्याला मखमली थैलीत एक एक खिळा देत होते, आठवण म्हणून. आईची बाराखडी लोक खिशात घालून घरी नेत होते. एका बाईंनी थैलीतला खिळा आईपुढे धरून गोड आवाजात विचारलं, “मला कुठलं अक्षर आलंय, बघा ना.” आईने बोटाने चाचपून सांगितलं, “ढ.” बाई हसल्या. आई हसली नाही.

मी भावाला बाजूला ओढलं आणि जे तोंडाला आलं ते बोलले. त्यातलं बरंच लिहिण्याजोगं नाही. तो म्हणाला, ताई, लोकांसमोर तमाशा नको. मी म्हटलं, तमाशा तूच भरवलायस, वर तिकिटाऐवजी खिळे वाटतोयस. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला खरंच कळत नव्हतं की त्याने काय केलं, आणि ते न कळणं मला आजही माफ करता येत नाही. दुष्टपणा केला असता तर भांडून मोकळी झाले असते.

त्या शेंडेफळाच्या लग्नाची पत्रिका पुढे भावाने चार रंगांत छापून दिली, आपल्याकडून भेट म्हणून. त्या घरच्यांनी आईला आणून दाखवली. आईने ती वाचली, छान झालीय म्हणाली, आणि आत जाऊन झोपली. दांडिया बाजारातली खोली दिवाळीनंतर सोडली.

पण त्या समारंभातली सगळ्यात वाईट गोष्ट अजून सांगायची आहे. लोक खमण खात असताना फोटोग्राफरला आईचा मशीनवर काम करतानाचा फोटो हवा होता. तिच्या हातात तिनेच आणलेलं गुलाबी कार्ड दिलं आणि तिला पाटासमोर उभं केलं. “बा, हाथ अंदर राखो. हलता नहीं.” आईने कार्ड आत ठेवलं आणि हात बाहेर घेतला. फ्लॅश रिकाम्या पाटावर पडला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तसंच. ती मुद्दाम करत नव्हती. हात आत जायचा, कार्ड ठेवायचा आणि बाहेर यायचा. दुसरं काही त्या हाताला येतच नव्हतं. फोटोग्राफर वैतागला, लोक हसायला लागले. मग भाऊ हसत पुढे झाला, मागून तिला मिठीत घेतल्यासारखं केलं आणि तिचं मनगट पाटांच्या मध्ये धरून ठेवलं. “आई, बंद आहे ते. वेल्ड केलंय. काही होणार नाही.” ती हात ओढत होती. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडले, सोड तिचा हात. मी पोचेपर्यंत फ्लॅश पडून गेला होता.

तो फोटो मोठा करून त्याने दुकानात मशीनच्या वर लावला. त्यात भाऊ कुठे दिसत नाही, त्याची बाही तेवढी दिसते. आईची मान एका बाजूला वळलेली आहे, ओठ दाबलेले, डोळे घट्ट मिटलेले. येणारे-जाणारे म्हणतात, काय श्रद्धा आहे बघा, देवासमोर उभ्या असल्यासारखे डोळे मिटलेत. भाऊही आता लोकांना तसंच सांगतो. मी त्या दुकानात जात नाही. पाट मिटायची वेळ झाली होती आणि तिचा हात आत होता.